भित्र्या चाच्याचा शेवट

आमच्या गावात दाढी करायची तर निकांद्रोकडेच, दुसरा न्हावी आहे कुठे? पण सान रोके संताच्या जत्रेत हाच माणूस नट होतो. चाळीस वर्षांपूर्वी भित्र्या चाच्याच्या, म्हणजे समुद्री लुटारूच्या, जुन्या विनोदी सिनेमाचं शेवटचं रीळ खेचरावरून नदीत पडलं आणि सिनेमा तुटला तो ऐन मगर चाच्यासमोर येते तिथे. लोक भडकले. तेव्हा निकांद्रो पडद्यासमोर उभा राहिला आणि उरलेली गोष्ट त्याने स्वतःच करून दाखवली. तेव्हापासून दरवर्षी तेच. खुर्च्या घरून आणायच्या, पोट धरून हसायचं, आणि निकांद्रोने वाकून नमस्कार केल्याशिवाय कोणी खुर्ची उचलायची नाही.

यंदा राजधानीहून जुन्या फिल्म जपणारी रेबेका आली. त्या हरवलेल्या रिळाची दुसरी प्रत तिला परदेशात कुठल्याशा तळघरात मिळाली होती. गाव खूश, निकांद्रोच्या तोंडचं पाणी मात्र पळालं. त्या आठवड्यात त्याने तीन गाल कापले. त्याच्या दारातच माझी तामालेंची, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या पुड्यांची, टोपली असते, मला सगळं दिसतं. जत्रेच्या दिवशी तर दुकान बंद करून आत बसून राहिला.

"खरा शेवट आल्यावर माझं काय काम, एउफ्रोसिना?"

मला रागच आला. म्हटलं, "चाळीस वर्षं फुकट तामाले हाणलेस, आज निदान माझी खुर्ची तरी उचल." तेव्हा कुठे हलला बाबा.

नवं रीळ लागलं. मगरीने जबडा उघडला आणि चाचा धप्पकन पलंगावरून खाली पडला. सगळं म्हणे स्वप्न होतं. संपलं. रेबेका टाळ्या वाजवत होती, एकटीच. मागून खाटीक म्हणाला, मग आपण काय इतकी वर्षं झोपलो होतो?

एकही खुर्ची हलली नाही. हळूहळू सगळ्यांच्या माना निकांद्रोकडे वळल्या. तो आपला बूट बघत बसलेला. मी कोपराने ढोसलं तेव्हा उठला. खिशातल्या कंगव्याने हवेतल्या मगरीच्या नाकाला गुदगुल्या केल्या आणि गडी रंगात आला. माझेच डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

त्याने नमस्कार केला तरी रेबेका खुर्चीतच. हसून हसून बेजार झाली होती. मग वही काढून म्हणाली, "काका, हा शेवट मी लिहून रिळाच्या डब्यात ठेवते. पुन्हा सांगाल?"

"लिही की," निकांद्रो म्हणाला, "पण जागा सोडून लिही. पुढच्या वर्षी मगरीचं लग्न लावायचं म्हणतोय."