झूराआपाची सुरी

कोचकोरच्या खोऱ्यात नमद्यावर, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडावर, नक्षी कापणाऱ्या बायका पुष्कळ, पण झूराआपासारखा हात कुणाचा नाही. वीस वर्षं तिच्या शेजारी बसून मी टाके घातलेत, म्हणून ठामपणे सांगते. लाल आणि काळा असे दोन नमदे ती एकावर एक ठेवी, खडूनं मेंढ्याची शिंगं रेखी आणि एकाच सुरीनं दोन्ही कापी. लालातलं काळ्यात बसे, काळ्यातलं लालात. चिंधीसुद्धा वाया जात नसे.

उन्हाळा सरताना तिचा उरमात नावाचा एकुलता एक मुलगा वारला. त्यानं स्वतःच जीव दिला. गावाला ते ठाऊक होतं, तरी गाव 'हृदय बंद पडलं' म्हणत राहिलं, आणि झूराआपाही तेच म्हणू लागली. घरात उरल्या दोघी, ती आणि सून बेगीमाय.

गेलेल्या माणसाला वास पोचावा म्हणून आमच्याकडे गुरुवारी कणकेचे तुकडे तेलात तळतात. झूराआपानं एकाही गुरुवारी कढई चढवली नाही.

"वास गेला की शेजारणी येतील," ती मला म्हणाली. "आल्या की खोदून विचारतील. पोरगी ऐकेल."

"मीही शेजारीणच आहे की."

"तू विचारत नाहीस. नुसती खातेस."

तिला एकच भय होतं, आता बेगीमायही तसंच काही करील याचं. पोरगी बोलेनाशी झाली होती. हातातला चहा गार होई आणि ती खिडकीतून नदीकडे बघत राही. झूराआपानं आपल्या गुडघेदुखीच्या गोळ्या पिठाच्या गोणीत लपवल्या. बेगीमाय बादली घेऊन नदीवर निघाली की ही दुखरे गुडघे ओढत वीस पावलं मागं. बादली भरून पोरगी वळली की हिचा श्वास सुटे.

पहिलं हिव पडलं त्या सकाळी मी टाके घालायला गेले, तर झूराआपा हत्यारांची पेटी उलटी करून बसली होती.

"सुरी नाही."

"असेल इथंच कुठं."

"लोकरीची कातरही नाही. गोणीतल्या गोळ्याही नाहीत. तिनं सगळं गोळा केलंय गं."

"ती कुठंय?"

"गोवऱ्या आणते म्हणाली. केव्हाच गेलीय."

आम्ही दोघी म्हाताऱ्या धावलो. पन्नास पावलांचं अंगण, पण मला ते संपेना. गोठ्याचं दार अर्धवट उघडं होतं. आत अंधार.

गोवऱ्यांच्या ढिगामागं बेगीमाय वाकून बसली होती. फडक्याचं गाठोडं ती ढिगात खोल सारत होती. झूराआपानं तिचं मनगट धरलं तसं गाठोडं सुटलं. सुरी, कातर, गोळ्या.

"हे काय करतेस, पोरी?"

बेगीमाय म्हणाली, "तुम्हाला सापडू नये म्हणून, आपा. रोज माझ्या मागं नदीपर्यंत येता. मला वाटलं, तुम्हालाच तिकडं जायचंय, माझ्यामुळं थांबताय."

झूराआपानं तिचं मनगट सोडलं. मग म्हणाली, "माझे गुडघे बघितलेस का? पाण्यापर्यंत पोचता पोचता दुपार होते."

पोरगी हसली की रडली, मला कळलं नाही. दोघी तिथंच जमिनीवर बसल्या.

"उरमातनं जीव दिला," झूराआपा म्हणाली. हे शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. "तुझ्याही मनात तसं येतं का?"

बेगीमायनं मान हलवली.

"येतं. सकाळी सकाळी."

"माझ्याही. मग सकाळीच सांगायचं एकमेकींना. चहाच्या आधी." माझ्याकडं बोट करून ती म्हणाली, "ही पण येईल. नाहीतरी हिला फुकटचा चहा लागतोच."

बाजाराच्या दिवशी मी दोघींना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. पुढच्या गुरुवारी झूराआपानं कढई चढवली. शेजारणी आल्या. एकीनं विचारलंच. बेगीमायनं तिच्यापुढं ताट ठेवलं आणि खरं ते सांगितलं. कुणीही उठून गेली नाही.

गोळ्या, कातर आणि सुरी आता माझ्या घरी असतात. रोज सकाळी मी त्या दिवसाची गोळी आणि सुरी घेऊन जाते, दोघींचं ऐकते, संध्याकाळी सुरी परत आणते. हिवाळा अर्धा सरला, तरी अजून मला फाटक लगेच ढकलवत नाही. तिथंच थांबते. आतून चहाच्या वाट्या मांडल्याचा आवाज आला, दोघींच्याही, की मग आत जाते.