आजचा पाहुणा

शाळेत आले की सर आधी आपला मोबाइल खिचडीच्या तांदळाच्या कोठीत पुरायचे. मग हात झटकत मला सांगायचे, "बाई, आज एकच पाहुणा. बाकीचं सारं संध्याकाई."

पाहुणा म्हणजे वर्गातलं एक पोर. रोज एकाला शेजारी बसवायचं आणि त्याचं जे अडलं असेल, वजाबाकी म्हणा, जोडाक्षर म्हणा, ते सुटेपर्यंत उठायचं नाही, हा त्यांचा नेम. बाकीची पोरं तोवर माझ्या वर्गात. रोहण्याजवळच्या त्या शाळेत शिकवायला आम्ही दोघंच, त्यामुळे त्यांचा एक पाहुणा म्हणजे माझ्या घरी वऱ्हाड.

असा माणूस तुमच्याही कचेरीत असेल, आणि त्याची कामं तुम्हीच उरकत असाल. केंद्रप्रमुखांना रोज कसले ना कसले फोटो हवे असत. नळाचे, झाडांचे, हात धुणाऱ्या पोरांचे. एकदा खिचडी शिजवणारी मावशी घाबरून आली. "सर, तांदूय वाजून राह्यले."

"वाजू दे. शिजले का चूप होतात."

फोटो अर्थात मीच पाठवले. मला राग यायचा, पण टिकायचा नाही. तेवढ्यात पलीकडच्या वर्गात कुणाची तरी वजाबाकी सुटायची आणि पोरापेक्षा सरच जास्त हसायचे.

हा नेम त्यांनी मोडला तो सुमीसाठी. सुमी तिसरीत होती. घरी कोलामी बोलायची, शाळेत काहीच बोलायची नाही. तिचा बाप येऊन म्हणाला, "पोरगी वाचत नाई, बोलत नाई. उन्हाळा लागला का बकऱ्यांमागं लावतो."

त्या दिवसापासून रोज सुमीच. मी चिडवायचे, "सर, पाहुणी आता घरचीच झाली." ते ओशाळायचे. सुमी ओळीखालून बोट फिरवायची, तोंड काही उघडायची नाही. तिला वाचता येतं की नाही, देव जाणे.

अशातच सरांची बदली झाली. आम्ही त्यांना रोहण्याच्या स्टँडवर सोडायला गेलो. सुमीचा बापही बकरी घेऊन आला होता, मागे सुमी.

"काम अर्धं राह्यलं, बाई," सर म्हणाले आणि त्याच तंद्रीत समोरच्या एसटीत चढले. जायचं होतं आर्वीला.

"सर, उतरा. ही पुलगावची हाय. पाटीवर लिवलं हाय."

आम्ही वळून पाहिलं. सुमी बोलली होती. बापाच्या हातातून दोरी सुटली.

सर पिशवी सांभाळत उतरले. "पुन्हा वाच," एवढंच म्हणाले. तिने पुन्हा वाचलं. सर तिथेच, लोकांदेखत रडले.

मग आर्वीची गाडी आली आणि ते गेले. गाडी दिसेनाशी झाल्यावर बाप माझ्याजवळ आला.

"बाई," त्याने विचारलं, "चौथीचे पुस्तकं कधी भेटतीन?"