छावणीतले अमर नवरे

आमची ताई एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेत संगणक अभियंता आहे. निर्वासितांच्या छावण्यांत कुणाला किती धान्य द्यायचं, हे तिने बनवलेली प्रणाली ठरवते. त्या विभागाची ती पहिली बाई प्रमुख. बैठकीत कुणी तिला चहा करायला सांगितला, तर ती त्यालाच किटली दाखवायची.

मागच्या वर्षी मुख्यालयात तिचं फार कौतुक झालं. एका छावणीत वर्षभरात एकही कुटुंबप्रमुख दगावला नव्हता. पडद्यावरचा आलेख बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या लोकांना काय, पडद्यावर काहीही दाखवा. ताई मात्र चक्रावली. घराघरात आजारी माणसं असताना कुणीच कसं मरत नाही, ते बघायला ती स्वतःच तिथे गेली.

धान्याच्या रांगेतल्या एका बाईला बाजूला घेऊन तिने नवऱ्याची चौकशी केली. बाईने आधी इकडेतिकडे बघितलं.

"तो हिवाळ्यातच गेला," ती हळूच म्हणाली. "पण शेजारणीने तिचा नवरा गेल्याचं खरं सांगितलं, तर तिचं अख्खं घरच यंत्रातून गायब झालं. तिची पोरं अजून आमच्यातच जेवतात. म्हणून इथे कुणी सांगत नाही."

कुटुंबप्रमुखाचं नाव यादीतून काढलं की त्याच्या नावावरचं सगळं कुटुंब निघतं, अशी रचना तिनेच केली होती. तेव्हा ती तिला फार सुटसुटीत वाटली होती.

"यंत्र मी बनवलंय," ताई कशीबशी म्हणाली.

बाईने विचारलं, "म्हणजे आता तुम्ही माझ्या नवऱ्याला मारणार?"