बैलाची सुट्टी

"भिया, पहले दरवाजा लाव, मग बोल."

काकांचं हे वाक्य मी, म्हणजे त्यांचा 'भिया', भैया, दिवसातून दहा वेळा ऐकत असे. दरवाजा खोलीचा नव्हे. आमच्या देवासच्या छोट्या प्रयोगशाळेत फ्रिजएवढी एक उबदार पेटी होती. तिच्यात बैलाच्या स्नायूंतल्या मूळ पेशी वाढत. आतला ऑक्सिजन आम्ही नायट्रोजन सोडून मुद्दाम कमी ठेवत असू. बैल न कापता मांस तयार करायचं, यासाठी तो सगळा खटाटोप. मी तिथला शास्त्रज्ञ. काका जनावरांच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेले, माझे मदतनीस. म्हणजे कागदोपत्री तरी.

ऑक्सिजन कमी का, हे मी पाहुण्यांना अर्धा तास समजावून सांगे. काका मध्येच म्हणत, "बैलाच्या मांडीत खिडकी असते काय? आत जेवढी हवा, तेवढीच इथं द्यायची." पाहुण्यांना लगेच पटे. माझा अर्धा तास पाण्यात.

चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारा हा माणूस मांसाच्या कामात कसा, असं तुम्हालाही वाटेल. मी एकदा विचारलंच. ते म्हणाले, "जन्मभर जनावरं बरी केली. बरी झालेली ट्रकमध्ये चढवताना पण बघितली. एक जरी बैल वाचला ना भिया, तर माझं काम झालं." पुन्हा मी तो विषय काढला नाही.

टोंकखुर्दच्या एका शेतकऱ्यानं आपला पांढरा बैल आमच्यासमोर उभा केला. काकांनी त्याला गूळ चारला, मांडी बधिर केली, हरभऱ्याएवढा तुकडा काढला आणि टाका घातला. बैल गूळ चघळत राहिला.

"इससे गोश्त उगेगा?" शेतकरी हसायला लागला. "फिर तो काका, खेत में रोटी बी उगा दो."

"पहले ये तो होने दे," काका गंभीरपणे म्हणाले.

त्या बैलाच्या पेशी आधीच्या सगळ्यांपेक्षा जोमानं वाढल्या. महिनाअखेर आम्हाला पैसे पुरवणाऱ्या कंपनीचे मालक येणार होते. तोवर ठरल्याइतक्या पेशी झाल्या तर काम पुढे चालणार, नाहीतर बंद. काका रोज सकाळी विचारत, "झाल्या किती?"

या पेशींचं एक असतं. बाटलीचा तळ भरत आला की त्या वेळेवर नव्या बाटल्यांत वाटून द्याव्या लागतात. दाटी झाली की त्या एकमेकींना चिकटून स्नायूचे धागे होतात आणि वाढ थांबते. त्या शनिवारी ही वाटणी करायची होती. मला आईचे डोळे दाखवायला इंदूरला जावं लागलं, म्हणून काम काकांवर सोपवलं.

सोमवारी येऊन पाहतो तर सगळ्या बाटल्यांत धागेच धागे. वहीत काकांच्या ठसठशीत अक्षरात शनिवारची नोंद होती : 'आज पोळा. बैलाला सुट्टी. काम उद्या.'

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बाटलीत आहे तोही बैलच, मग त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं? रविवारी काका पहाटेच आले होते, पण तोवर उशीर झाला होता.

माझा तोल गेला. मी नको ते बोललो. "तुम्ही गुरांना सुयाच टोचत बसायचं होतं, काका. तुमच्या एका सुट्टीपायी आता किती बैल कापले जातील, ते मोजा."

ते उभे होते ते खुर्चीवर बसले. म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

त्याच बैलाच्या थोड्या पेशी राखीव म्हणून गोठवून ठेवल्या होत्या, त्याही पुन्हा वाढल्या नाहीत. मालक आले, चहा पिऊन गेले, आणि काम बंद झालं.

बाटल्या टाकून द्यायच्या आधी मी एक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. धागे आपले आपण आखडत होते, सैल होत होते. मी काकांना हाक मारली. ते बराच वेळ डोळा लावून बसले. "चालतोय रे," एवढंच हळूच म्हणाले. माफी मागायची ती खरी वेळ होती. मी बाटल्या गोळा करत राहिलो.

पुढे काका लेकीकडे धरमपुरीला गेले आणि मी पुण्याला. दोनेक वर्षांनी ते वारल्याचं उशिरा कळलं. मी धरमपुरीला गेलो. जे काकांना सांगायचं राहिलं, ते निदान लेकीला सांगावं, असं मनाशी ठरवून गेलो होतो. तिनं चहा आणला. मी सुरुवात करणार, तोच ती म्हणाली,

"भैया, बाबा तुमची फार तारीफ करायचे. बोलायचे, माझ्या हातून एवढं मोठं नुकसान झालं, पण त्या भियानं मला एक शब्द नाही म्हटला."

खरं सांगायला हवं होतं. माझ्याच्यानं झालं नाही. लेकीपाशी काकांनी माझी लाज राखली होती, आणि ती गमवायची हिंमत माझ्यात नव्हती.