चौघांच्या खांद्यावरची बाज

दादा म्हणजे माझे वडील. बेलापूरच्या अलीकडे आमची वस्ती, आणि आसपासच्या ख्रिस्ती वस्त्यांवर दादांचं कीर्तन ठरलेलं. टाळ, मृदंग, फेटा सगळं तेच, आख्यान तेवढं येशूचं. त्यातलं अर्धांगवायू झालेल्या माणसाचं आख्यान लोक पुन्हा पुन्हा मागायचे. घरात गर्दी मावेना, म्हणून चौघे त्याला बाजेसकट घराच्या मातीच्या धाब्यावर चढवतात, माती उकरून भगदाड पाडतात आणि थेट येशूसमोर खाली सोडतात. येशूच्या शब्दानं तो उठतो, बाज काखोटीला मारतो आणि घरी जातो. दादा तिथं एक गिरकी घ्यायचे. लहानपणी मी त्या गिरकीसाठीच डोळे ताणून बसायचे.

गेल्या वर्षी दादांचीच डावी बाजू गेली. डॉक्टर झाले, मालिश झाली, उपास-प्रार्थना झाल्या. पाय काही हलला नाही. मग दादांनी चर्चला जाणंच सोडलं. विषय काढला की भिंतीकडे तोंड करायचे. शेवटी एकदा बोलले, "जल्मभर लोकांना सांगितलं, इस्वास ठेवा, उठाल. आता मीच पडलोय. कोन्त्या तोंडानं जाऊ?" मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. पाय गेला तो गेला, पण हा माणूस लाजेनं सुकत चालला होता.

मी हे त्यांच्या दोन टाळकऱ्यांजवळ बोलले. त्यांनी ते आमच्या बांधाला लागून शेत असलेल्या बापूंना सांगितलं, आणि पलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या गुरुजींना. चर्चमधल्या सुगीच्या सणाच्या सकाळी दादांना न्यायला चौघेही दारात हजर. मी गाडी काढत होते, व्हीलचेअरही आणलेली होती. बापूंनी हात आडवा केला. गोष्टीत बाज आहे, तर गाडी कशी चालेल, असं त्यांचं म्हणणं. बापूंच्या गळ्यात माळ, पण दादांचं एक कीर्तन त्यांनी चुकवलेलं नाही. चौघांचीही साठी उलटलेली. दादाही नको नको म्हणत होते. पण ऐकतो कोण?

त्या सकाळचं मला अजून खरं वाटत नाही. धुकं होतं, कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास होता, दोन्ही बाजूंना उसाचे तुरे. माणसांचे पाय दिसत नव्हते, बाज तेवढी तरंगत चालली होती. दादा उताणे, डोळे उघडे, वरून सरकणाऱ्या लिंबाच्या फांद्या बघत. समोरून ऊसतोडीची बैलगाडी आली. चौघांच्या खांद्यावर माणूस बघून गाडीवानानं गाडी कडेला घेतली, टोपी काढली आणि हात जोडले. दादांनी उजवा हात वर करून त्याला सलाम केला. तो बिचारा दचकून गाडीवरून खालीच उतरला. बाजेखाली हसू फुटलं, बाज गदगदा हलली, आणि कित्येक महिन्यांनी मी दादांना हसताना ऐकलं.

चर्चच्या दारातून बाज आत जाईना. टाळकरी पत्र्याच्या छपराकडे बघायला लागले, तशी पाळकसाहेबांनी घाईघाईनं सगळ्या मंडळींना अंगणात बोलावलं. प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे मात्र त्या पायावर. खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, हलेल. पाय हलला नाही.

"गोष्टीतला मानूस बाज घिऊन घरी गेला," दादा हळूच म्हणाले. "माजा इस्वास कमीच पडला."

बापू पायरीवर बसून घाम पुसत होते. "बुवा, तुमीच सांगता न्हवं? येशूनं पडलेल्याला काय इचारलंच न्हाई. वर चढलेल्या चौघांचा इस्वास बघितला. मंग कमी पडला आसंल, तर आमचा पडला. तुमी कशापायी लाजता?"

दादा त्यांच्याकडे बघतच राहिले. हे आख्यान त्यांनी किती वेळा गायलं असेल, पण त्यांना ते दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. चौघांनी त्यांना पुन्हा खांद्यावर घेतलं आणि घरी आणलं.

शनिवारी उन्हं कलताना दादांनी मला हाक मारली.

"त्या चौघांना सांग, उद्या लवकर या. उठलो न्हाई, तरी जायचंय."

मी चपला घालायलाही थांबले नाही.