वांग्याचा न्याय जास्वंदीला

बाळांनो, तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची निर्मळ गावात वाडी होती. केळी, वांगी आणि कडेने जास्वंदीच्या रांगा. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे आणि रविवारी वाडीवर जात असे. नव्वदच्या दशकातल्या एका श्रावणात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, ही रस शोषणारी पांढरी कीड, पडला. कळ्या गळू लागल्या. गणपतीत विकायच्या कळ्यांवर त्या घराची सारी भिस्त, म्हणून भाऊजींनी औषधाचा पंप भरून ठेवला होता.

त्या पांढऱ्या ढेकणांत मला तिळाएवढे तपकिरी भुंगे दिसले. ते ढेकूण खात होते. फवारलं असतं तर ढेकूण आपल्या मेणाखाली वाचले असते आणि हे मेले असते. मी तसं सांगितलं. पण वांगी लावणाऱ्या घरात एक नियम पाठ असतो: पाठीवर लव असलेला भुंगा पानं खातो, गुळगुळीत असलेला कीड खातो. वांग्यापुरता तो खराही आहे. या भुंग्यांना लव होती, त्यामुळे ही वांग्यावरच्या भुंग्यांची पिल्लं, असा भाऊजींचा निकाल.

मी म्हटलं, "भाऊजी, पंख फुटले की भुंगा वाढत नाही. तिळाएवढा असेल तर तिळाएवढाच मरतो."

"वहिनी, तुमच्या कॉलेजातले किडे शिकलेले. आमचे वाडीतले अडाणी."

सासूबाई म्हणाल्या, सुनेला किड्यांच्या तोंडात डोकवायची हौसच आहे. होतीच. भाऊजींना आठवडाभर थांबायला लावून पुढच्या रविवारी मी सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन रिक्षाने गेले आणि ओटीवर सुईने दोन्ही भुंग्यांचे जबडे वेगळे केले. वांग्यावरच्याच्या जबड्याला करवतीसारखे पुष्कळ दात, पान खरवडायला. या छोट्याच्या जबड्याला टोकाशी नुसते दोन अणकुचीदार दात, भक्ष्याला भोसकायला.

भाऊजींनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, दात कसेही असोत, लव आहे ना. मग पंप पाठीवर घेतला.

मी जास्वंदीत जाऊन उभी राहिले. "फवारायचं तर माझ्यासकट फवारा."

सासूबाईंनी विचारलं, उन्हात किती वेळ उभी राहशील? मी छत्री मागवली. छत्री आली तेव्हा भाऊजींनी पंप उतरवला. विहिरीकडच्या रांगा माझ्या, बाकीच्या त्यांच्या, असं ठरलं.

गणपतीत विहिरीकडच्या कळ्या रोज संध्याकाळी खुडून केळीच्या पानात बांधल्या जात होत्या. फवारलेल्या रांगा पुन्हा पांढऱ्या झाल्या होत्या. भाऊजी म्हणाले, हल्लीच्या औषधात दम नाही. पण पुढच्या वर्षी जास्वंदीसाठी पंप निघालाच नाही, एवढं मला पुरे होतं.

ते दोन जबडे काचपट्टीवर अजून माझ्या कपाटात आहेत. लव दिसली की शत्रू, असं आजही कोणी म्हणालं तर मी आधी सुई मागते.