साच्यातच विकले गेलेले क्रेट: अकोला ते मोर्शी

"तुहे पैसे टाकाच्या आधी तू ये अन् डोयानं पाह्य," असं माझा मावसभाऊ विजयदादा फोनवर म्हणाला, आणि ऐन एप्रिलच्या उन्हात माझं वऱ्हाडात जायचं ठरलं. दादाची मोर्शीला संत्र्याची बाग आहे. अकोल्याचे जब्बारभाई प्लास्टिकच्या वस्तूंसाठी लोखंडी साचे घडवतात. दोघांना मिळून मोर्शीजवळ संत्र्याच्या क्रेटचा कारखाना काढायचा होता. शेड दादाची, साचे जब्बारभाईंचे. अडलं होतं मशीनच्या पैशांवर. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली, म्हणजे दादाच्या लेखी साक्षात कुबेर! आमच्या ह्यांनी मात्र निघताना बजावलं, "फिरून ये, खाऊन ये, सही करू नकोस."

पुण्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी अकोल्याला उतरले. स्टेशनबाहेर गरम कचोरी आणि तळलेली मिरची खाल्ली आणि रिक्षाने एमआयडीसी गाठली. (रिक्षावाल्याशी भाडं आधी ठरवा. मी ठरवलं नाही आणि पस्तावले.)

जब्बारभाई साठीचे, दाढी पांढरी, हात ग्रीसने काळे. दुसऱ्याच्या मशीनवर काढून आणलेला नमुन्याचा क्रेट त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि आतल्या कोपऱ्यावरून मला बोट फिरवायला लावलं. कोपरा गोल, गुळगुळीत. "संत्र्याची साल लय नाजूक राह्यते, बाई. कोपरा टोचला का फळ गेलं." मग क्रेट उलटा करून म्हणाले, "उभ्या राहा."

"अहो, माझं वजन..."

"म्हनून तं तुमाले म्हनून राह्यलो!"

पुण्यात कुणी असं तोंडावर बोललं असतं तर मी आठवडाभर फुगून बसले असते. इथे मात्र हसू आलं. चढले, क्रेट कुरकुरलासुद्धा नाही. हा माणूस मला तिथेच आवडला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जुन्या गाडीतून अमरावतीला निघालो. रस्ता इतका छान की चहासुद्धा सांडत नाही. मूर्तिजापूरला थांबूनही दोन तासांत पोचलो. एसटीही भरपूर आहेत. अमरावतीत दादा एका बँकेच्या दारात उभाच होता. मशीनसाठी कर्ज मंजूर होण्यासारखं होतं, फक्त दोघांच्या सह्या हव्या होत्या. दादाने केली. जब्बारभाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"विजयभाऊ, ब्याजाच्या कागदावर माही सही होनार नाई. म्या पह्यलेच सांगतलं होतं."

"मले वाटलं, इथं आल्यावर तुमी मान्य करान," दादा पुटपुटला.

मशीन विकणारा आठवडाभरच थांबणार होता. त्यानंतर ते दुसऱ्याला जाणार आणि जब्बारभाईंचे साचे अकोल्यात तसेच पडून राहणार. आम्ही तिघांनी गिला वडा खाल्ला. दह्यात बुडालेला तो थंडगार वडा अमरावतीत गेलात तर चुकवू नका. उन्हाचा आणि बँकेचा, दोन्ही ताप उतरतात. पण मी मनातल्या मनात 'नाही' ठरवून टाकलं होतं. पहिल्याच सहीवर जिथे दोन भागीदार दोन वाटांनी जातात, तिथे आपली पुंजी कशाला गुंतवा? आणि तरीही, एवढं सगळं पणाला लागलेलं असताना आपल्या शब्दाला चिकटून बसलेल्या त्या माणसाचं कौतुक काही मनातून जाईना.

नमुना दाखवायला दादाने दुसऱ्या दिवशी मोर्शीत बागवाल्यांना बोलावलंच होतं. जब्बारभाई आले. "बोलावलं तं येनार," एवढंच म्हणाले. सकाळी थोडी वाकडी वाट करून रिद्धपूरला महानुभावांच्या स्थानांचं दर्शन घेतलं आणि दोन्ही बाजूंच्या बागा बघत मोर्शी गाठली. झाडांवर बोराएवढी हिरवी फळं होती. वहिनीने गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती. त्यावर तूप किती, हे मी इथे लिहिणार नाही.

संध्याकाळी शेडमध्ये सगळे जमले. दादाने सरळ सांगून टाकलं: कर्ज घ्यायचं नाही असं ठरलंय, त्यामुळे मशीन बहुतेक हातचं जाणार. तेवढ्यात शेजारच्या बागेच्या सुमनकाकू क्रेटवर हात ठेवून उठल्या.

"व्यापारी आमचा बहार कसा घेते? फळ बोराएवढं असतानीच झाडावर सौदा करते अन् इसार देऊन जाते. क्रेट त्याचे, म्हनून भावबी त्याचाच. मंग आमी तुमचे क्रेट साच्यातच घेतो! इसार आता, क्रेट बहाराले."

"अन् क्रेट नाई आले तं?" मागून कुणीतरी विचारलं.

जब्बारभाई उभे राहिले. "तं पुरा इसार वापस. साचे माह्या घरचे हायेत. इकून देईन."

दादाने जरा भीतभीतच विचारलं, "याच्यात ब्याज तं नाई ना?"

"हा सौदा हाये, विजयभाऊ! ब्याज कायचं?" जब्बारभाई इतके मोठ्याने हसले की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं.

मग भावावरून जी घासाघीस झाली ती विचारू नका. पण इसार जमला. मशीनला थोडेच पैसे कमी पडत होते, आणि सगळे सभ्यपणे माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

"माझ्या पैशांवर दरसाल किती मिळेल?" मी विचारलं.

"ठरलेलं काई नाई, बाई," जब्बारभाई म्हणाले. "नफा झाला तं नफ्यात वाटा. बुडालो तं संगच बुडू."

आयुष्यभर मी मुदतठेवींवर जगले. पण बुडण्याची गोष्ट इतक्या उघडपणे सांगणारं मला आजवर कुणी भेटलं नव्हतं. मी सही केली.

परतताना तो नमुन्याचा क्रेट दादाने माझ्या गळ्यात मारला. पुण्यात त्यात आता कांदे-बटाटे असतात. परवा दादाचा फोन आला: मशीन ट्रकमधून उतरलं, जब्बारभाई त्याच्याभोवतीच फिरतायत, जेवायलाही तयार नाहीत. मी फोन ठेवला तर हे समोर उभे. "ते सगळं ठीक आहे गं, पण आपले पैसे बुडणार नाहीत ना?"

मी कांदे-बटाटे परातीत ओतले, क्रेट उलटा केला आणि म्हटलं, "उभे राहा."

"अगं, माझं वजन..."

"म्हणूनच म्हणतेय!"

त्यांनी चपला काढल्या, माझा खांदा धरला आणि वर चढले.